डॉक्सिजन एररशिवाय चालतं पण फंक्शन डॉक्युमेंटेशनमध्ये दिसतच नाही: नेमकं कुठे गळतं ते कसं शोधायचं

प्रॉब्लेम असा आहे. फंक्शनवर व्यवस्थित कॉमेंट लिहिलीय, पॅरामीटर लिहिलेत, रिटर्न व्हॅल्यू लिहिलीय, डॉक्सिजन (कोडमधल्या कॉमेंटवरून डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं टूल) चालवलं, ते शेवटपर्यंत गेलं, एरर एकही नाही, आणि एचटीएमएल उघडून बघितलं तर ते फंक्शनच गायब. मग टीममधलं कोणीतरी म्हणतं की एक्स्ट्रॅक्ट_ऑल ही सेटिंग येस करून टाका, केलं की सगळं दिसायला लागतं, विषय बंद होतो, आणि दोन महिन्यांनी नवीन मॉड्यूल आलं की परत तेच. फक्त या वेळी फंक्शन दिसतं पण त्याच्याखाली वर्णन कोरं असतं, आणि ते कोरं आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मी हे इतक्या वेळा सोडवलंय की आता ठरलेल्या क्रमानेच बघतो. डॉक्सिजन कॉमेंट थेट उचलून पानावर ठेवत नाही. आधी फाइल त्याच्या हातात यावी लागते, मग प्रीप्रोसेसरमधून (#इफडेफसारख्या अटी आणि मॅक्रो सोडवणारा टप्पा) तो कोड जिवंत बाहेर यावा लागतो, मग ती कॉमेंट डॉक्युमेंटेशनची आहे हे त्याला ओळखता यावं लागतं, आणि शेवटी ती गोष्ट दाखवायची परवानगी असावी लागते. या चारपैकी कुठे गळलं हे आधी ठरवा, मगच सेटिंगला हात लावा. उलटं केलं, म्हणजे आधी दहा सेटिंग बदलल्या, तर नक्की कशाने सुटलं हेच कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

(सेटिंग आणि कमांडची नावं इथे देवनागरीत लिहितोय, डॉक्सीफाइलमध्ये, म्हणजे डॉक्सिजनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, सेटिंग मूळ स्पेलिंगने कॅपिटलमध्येच टाकायच्या.)

सगळ्यात आधी एक टेस्ट करा, दोन मिनिटांचं काम आहे आणि अर्धा प्रॉब्लेम इथेच कळतो. डॉक्सीफाइल न बदलता, तिचा मजकूर आणि त्याच्या शेवटी एक्स्ट्रॅक्ट_ऑल येस ही एक ओळ, असं दोन्ही मिळून पाइपने डॉक्सिजनला द्या. डॉक्सिजनला फाइलच्या नावाऐवजी नुसतं - दिलं की ते कॉन्फिग स्टँडर्ड इनपुटमधून वाचतं, आणि एकच सेटिंग दोनदा आली तर नंतरची चालते, त्यामुळे मूळ फाइलला धक्का लागत नाही. असं करून फंक्शन दिसलं तर फाइल वाचली जातेय आणि कोडही पार्स होतोय, म्हणजे गडबड कॉमेंटमध्ये किंवा दाखवण्याच्या नियमात आहे. तरीही नाही दिसलं तर गडबड त्याच्या आधी आहे, फाइल मिळत नाहीये किंवा प्रीप्रोसेसरने खाल्लीय. एक अपवाद लक्षात ठेवा, फाइलमधली स्टॅटिक फंक्शन आणि क्लासचे प्रायव्हेट मेंबर एक्स्ट्रॅक्ट_ऑलनेही येत नाहीत, त्यांना एक्स्ट्रॅक्ट_स्टॅटिक आणि एक्स्ट्रॅक्ट_प्रायव्हेट वेगळं लागतं. सी मध्ये काम करणाऱ्यांना हे फार नडतं कारण तिथे अर्धी फंक्शन स्टॅटिक असतात.

आता फाइल मिळत नसेल तर. क्वाएट नो ठेवून चालवा आणि आउटपुटमध्ये तुमच्या फाइलचं नाव शोधा, प्रीप्रोसेसिंग आणि पार्सिंग अशा दोन्ही ओळींत ते यायला पाहिजे. नाव कुठेच नसेल तर रिकर्सिव्ह बघा, ते डिफॉल्ट नो असतं, म्हणजे इनपुटमध्ये एसआरसी फोल्डर दिलं तर फक्त त्याच फोल्डरच्या फाइल घेतल्या जातात, आतली फोल्डर नाही. प्रोजेक्ट लहान असताना सगळ्या फाइल एकाच फोल्डरमध्ये असतात तेव्हा हे जाणवत नाही, पहिलं सबफोल्डर बनलं की डॉक्स अर्धे होतात. फाइलचं एक्स्टेंशन जरा वेगळं असेल तर एक्स्टेंशन_मॅपिंगमध्ये भाषा सांगून भागत नाही, तेच एक्स्टेंशन फाइल_पॅटर्न्समध्ये पण घालावं लागतं. आणि डॉक्सीफाइलमधले रिलेटिव्ह पाथ हे डॉक्सीफाइल जिथे आहे तिथून मोजले जात नाहीत, तुम्ही ज्या फोल्डरमधून कमांड चालवली तिथून मोजले जातात. माझ्या मशीनवर चालतं आणि सर्व्हरवर नाही, या तक्रारीत पहिला संशय मी यावरच घेतो.

दुसरा संशय एक्सक्लूड_पॅटर्न्सवर, आणि हा जरा सविस्तर सांगतो कारण यात माझा अख्खा दिवस गेलाय. आमच्या डॉक्सीफाइलमध्ये बिल्ड फोल्डर वगळायला */बिल्ड/* असा पॅटर्न होता. सगळ्यांच्या मशीनवर नीट. बिल्ड सर्व्हरवर मात्र डॉक्स पूर्ण रिकामे, नुसतं मुखपृष्ठ. पॅटर्न बरोबर, इनपुट बरोबर, डॉक्सिजनचं व्हर्जनसुद्धा तेच. शेवटी पार्सिंगच्या ओळी मोजल्या तर एकही नव्हती. कारण हे पॅटर्न फाइलच्या पूर्ण पाथशी जुळवले जातात, रूटपासून, आणि त्या सर्व्हरवर आमचा सगळा कोड ज्या फोल्डरमध्ये उतरवला जात होता त्याच्या वरच्या एका फोल्डरचं नाव नेमकं बिल्ड होतं. म्हणजे पहिल्या फाइलपासून शेवटच्या फाइलपर्यंत सगळ्या पॅटर्नमध्ये बसल्या. तेव्हापासून मी पॅटर्नमध्ये प्रोजेक्ट फोल्डरचं नाव पण घालतो, किंवा पॅटर्नऐवजी एक्सक्लूडमध्ये सरळ ते फोल्डरच देतो.

फाइल वाचली जातेय पण त्यातली काही फंक्शन आहेत आणि काही नाहीत, असं असेल तर प्रीप्रोसेसर बघायचा. एनेबल_प्रीप्रोसेसिंग डिफॉल्ट येस असतं, आणि डॉक्सिजन #इफडेफ वगैरे खरोखर तपासतं. पण तुमचा कंपायलर कमांड लाइनवरून जे मॅक्रो देतो ते डॉक्सिजनला कुठून माहिती असणार? त्यामुळे एखादं फीचर मॅक्रोमागे असेल आणि तो मॅक्रो डॉक्सिजनला दिसला नाही, तर तो सगळा भाग त्याच्या दृष्टीने फाइलमध्ये नाहीच. वॉर्निंग पण नाही, कारण त्याच्या हिशोबाने काही चुकलेलंच नाहीये. बिल्डच्या वेळी तयार होणारी कॉन्फिग हेडर असेल आणि ती अजून बनलीच नसेल किंवा इन्क्लूड_पाथमध्ये नसेल तरी हेच होतं. यावर उपाय म्हणजे प्रीडिफाइन्डमध्ये ते मॅक्रो लिहून द्यायचे.

इथेच एक्सपोर्ट मॅक्रोचा त्रास येतो. लायब्ररीच्या हेडरमध्ये क्लास या शब्दानंतर आणि नावाच्या आधी, किंवा फंक्शनच्या आधी, एक्सपोर्टसाठी एक मॅक्रो असतो, समजा माझीलिब_एपीआय. डॉक्सिजनला तो काय आहे ते कळत नाही आणि कधीकधी तो मॅक्रोलाच क्लासचं किंवा टाइपचं नाव समजतं. म्हणून प्रीडिफाइन्डमध्ये माझीलिब_एपीआय= असं लिहायचं, म्हणजे त्याच्या जागी काहीच नाही. शेवटचं = चिन्ह विसरू नका, ही चूक मी निदान पाच जणांच्या कॉन्फिगमध्ये बघितलीय. = नसेल तर डॉक्सिजन त्याची किंमत १ धरतं, म्हणजे तुमची ओळ क्लास, मग १, मग नाव अशी होते आणि आधीपेक्षा जास्त घोळ होतो. शिवाय याला मॅक्रो_एक्सपान्शन येस लागतं, ते डिफॉल्ट नो असतं, नुसतं प्रीडिफाइन्ड भरून काही बदलत नाही आणि लोक म्हणतात की प्रीडिफाइन्ड चालतच नाही. त्याबरोबर एक्सपांड_ओन्ली_प्रीडेफ पण येस करा, नाहीतर कोडमधले बाकीचे सगळे मॅक्रो पण उलगडले जातील. #इफडेफच्या अटींसाठी मात्र मॅक्रो_एक्सपान्शनची गरज नसते, तिथे नाव दिलं की पुरतं.

शंका असेल तर अंदाज करत बसू नका. डॉक्सिजनला -डी आणि पुढे प्रीप्रोसेसर असा ऑप्शन देऊन चालवा, प्रीप्रोसेसरनंतर कोड कसा दिसतो ते ते छापून दाखवतं. इनपुटमध्ये फक्त ती एक फाइल ठेवून करा नाहीतर आउटपुट आवरणार नाही. त्यात तुमचं फंक्शन नसेल तर उत्तर मिळालं.

आता कॉमेंट. डॉक्सिजन डिमित्री फान हेश यांनी १९९७ मध्ये आणलं, आणि ते जावाडॉकची आणि क्यूटीची अशा दोन्ही स्टाइल वाचतं, म्हणून /** पण चालतं आणि /*! पण चालतं, एका ओळीसाठी /// किंवा //!. साधं /* किंवा // म्हणजे साधी कॉमेंट, ती डॉक्युमेंटेशन म्हणून घेतली जात नाही. हे बहुतेकांना माहिती असतं. पण /* च्या पुढे ताऱ्यांची लांबलचक ओळ काढून खाली कॉमेंट लिहायची जी जुनी पद्धत आहे, ती डिफॉल्टने साधी कॉमेंट धरली जाते. दिसायला ती जास्त ठसठशीत, म्हणून लोकांना खरंच वाटत नाही की हीच दुर्लक्षित होतेय. जावाडॉक_बॅनर येस केलं की ती वाचली जाते.

स्ट्रक्ट आणि एनममध्ये वेगळीच गंमत होते. मेंबरच्या पुढे त्याच ओळीवर वर्णन लिहायचं असेल तर ///< लागतं, म्हणजे बाण मागे दाखवणारा. बाण विसरलात तर ती कॉमेंट पुढच्या मेंबरला चिकटते. समजा एनममध्ये चार व्हॅल्यू आहेत, थांबलेला, चालू, बिघडलेला, अज्ञात, आणि प्रत्येकापुढे बाणाशिवाय कॉमेंट. डॉक्समध्ये पहिल्याला वर्णनच नाही, चालूपुढे थांबलेल्याचं वर्णन, बिघडलेल्यापुढे चालूचं, आणि शेवटची कॉमेंट हवेत. हे नुसतं गायब होण्यापेक्षा वाईट आहे कारण वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो. नवीन एनम आलं की पान उघडून पहिल्या आणि शेवटच्या व्हॅल्यूचं वर्णन एकदा वाचायचंच.

कॉमेंट बरोबर, कोड पार्स होतोय, तरी दिसत नाही, म्हणजे आपण चौथ्या जागी आलो, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त केस इथेच संपतात. ग्लोबल फंक्शन, टाइपडेफ, एनम, मॅक्रो यांचं डॉक्युमेंटेशन तेव्हाच दिसतं जेव्हा ती फाइल स्वतः डॉक्युमेंट केलेली असते. फंक्शनवर कितीही सुंदर लिहा, फाइलमध्ये @ फाइल कमांड असलेला एक ब्लॉक नसेल तर पानावर काही येत नाही. क्लासचं पण तसंच, मेंबर दिसायला हवा तर क्लासवर कॉमेंट हवी, नेमस्पेसमधलं दिसायला हवं तर नेमस्पेसवर. यामुळेच सी प्लस प्लस मधून सी कडे आलेल्या माणसाला हे कळत नाही, तिकडे क्लासवर कॉमेंट लिहायची सवय असते म्हणून आपोआप चालत असतं. आणि यामुळेच एक्स्ट्रॅक्ट_ऑल येस केल्यावर सगळं दिसायला लागतं, कारण तेव्हा डॉक्सिजन सगळ्याच गोष्टी डॉक्युमेंट केलेल्या आहेत असं धरून चालतं.

आता याचाच दुसरा प्रकार, जो जास्त छळतो. @ फाइल आहे, पण त्यापुढे नाव चुकीचं आहे. नवीन फाइल बनवताना आपण जुनी कॉपी करतो, वरचा लायसन्सचा आणि @ फाइलचा ब्लॉक तसाच येतो, नाव बदलायचं राहतं. त्या नावाची फाइल इनपुटमध्ये नसेल तर निदान वॉर्निंग येते. पण जुनी फाइल जागेवरच असते ना, त्यामुळे डॉक्सिजनला वाटतं की हा ब्लॉक त्या जुन्या फाइलबद्दल आहे, तिथे नेऊन जोडतं, आणि तुमची नवीन फाइल डॉक्युमेंट न केलेलीच राहते. नवीन फंक्शन गायब आणि जुन्या फाइलच्या पानावर दोन वर्णनं एकाखाली एक, हे चित्र दिसलं की समजायचं. उपाय एकदम सोपा आहे, @ फाइलपुढे नावच लिहू नका. नाव नसेल तर तो ब्लॉक ज्या फाइलमध्ये आहे तिचाच धरला जातो, मग कॉपी करा, नाव बदला, काही फरक पडत नाही. आम्ही टेम्प्लेटमध्ये हे केलं आणि या प्रकारच्या तक्रारी थांबल्या.

अजून एक जागा, @ कॉन्ड लिहून @ एंडकॉन्ड विसरणं. त्यापुढचं सगळं लपतं. फाइलच्या वरचा भाग दिसतोय आणि एका ओळीनंतर काहीच नाही असं असेल तर हे शोधा.

फंक्शन दिसतंय पण मजकूर बिघडलाय किंवा बदलतच नाहीये, यातही ठरलेलीच कारणं आहेत. हेडरमध्ये वर्णन सुधारलं, परत चालवलं, पानावर जुनंच. कॅश वगैरे काही नाही. डिक्लरेशनवर आणि डेफिनिशनवर दोन्हीकडे सविस्तर वर्णन असेल तर डॉक्सिजन डेफिनिशनवरचं घेतं आणि हेडरमधलं सोडून देतं. थोडक्यातल्या वर्णनाचा नियम उलटा, तिथे डिक्लरेशनवरचं घेतलं जातं. त्यामुळे वरची एक ओळ बदलते आणि खालचा परिच्छेद बदलत नाही असं विचित्र दिसतं. माझं स्पष्ट मत आहे की एकच जागा ठरवा, लायब्ररी असेल तर हेडर, आणि सोर्स फाइलमधल्या त्या कॉमेंट साध्या करून टाका.

जावाडॉक_ऑटोब्रीफ येस असेल तर पहिला पूर्णविराम आणि त्यापुढची स्पेस इथपर्यंतचं वाक्य थोडक्यातलं वर्णन म्हणून उचललं जातं. आपण कॉमेंट मराठीत लिहिली आणि त्यात "उदा. रीडर चालू असताना" असं आलं की वर्णन "उदा." वर तुटतं. त्या टिंबानंतर एक \ आणि मग स्पेस दिली की तुटत नाही. आणि १.८.० पासून कॉमेंटमध्ये मार्कडाउन चालतं, म्हणून परिच्छेदाच्या खालचा मजकूर चार स्पेस आत सरकवला तर तो कोडच्या चौकटीत जातो, कोणीतरी छान दिसावं म्हणून सरळ रेषेत लावलेला असतो आणि पानावर टाइपरायटरसारखा येतो. टेम्प्लेटचे < > कंस कॉमेंटमध्ये तसेच लिहिले तर ते एचटीएमएल टॅग समजले जातात, बॅकटिकमध्ये (` या चिन्हांत) ठेवा. फाइलचा पाथ \ ने लिहिलात तर प्रत्येक \ पुढचा शब्द कमांड समजला जाऊ शकतो, तो पण बॅकटिकमध्ये.

पायथनवाल्यांसाठी एवढंच, साध्या तीन अवतरणांच्या डॉकस्ट्रिंगमध्ये डॉक्सिजनच्या कमांड चालत नाहीत, मजकूर जसाच्या तसा छापला जातो. कमांड हव्या असतील तर उघडणाऱ्या तीन अवतरणांनंतर लगेच ! द्या किंवा ## ची कॉमेंट वापरा.

सगळं दुरुस्त केलं आणि तरी काढून टाकलेल्या क्लासचं पान सर्चमध्ये किंवा जुन्या लिंकवर उघडतंय, तर आउटपुट फोल्डर पूर्ण डिलीट करून परत बनवा. डॉक्सिजन नवीन पानं लिहितं, जुनी अनाथ पानं उचलून टाकत नाही.

आता हे परत परत होऊ नये म्हणून काय. एक्स्ट्रॅक्ट_ऑल कायमचं नो. मी याबद्दल आग्रही आहे कारण ते येस केलं की डॉक्युमेंट न केलेल्या गोष्टींच्या वॉर्निंगच बंद होतात, म्हणजे जी घंटा वाजायला हवी तिचीच वायर कापली जाते. वॉर्न_इफ_अनडॉक्युमेंटेड येस, आणि वॉर्निंग वॉर्न_लॉगफाइलमध्ये टाका म्हणजे बाकीच्या आउटपुटमध्ये हरवत नाहीत. बिल्ड सर्व्हरवर वॉर्न_ॲज_एररला येस ऐवजी फेल_ऑन_वॉर्निंग्ज द्या, १.९.० पासून आहे. येस दिलं तर पहिल्याच वॉर्निंगला सगळं थांबतं, एक दुरुस्त करा, परत चालवा, दुसरी, परत चालवा, आणि माणसं कंटाळून ती सेटिंगच काढून टाकतात. फेल_ऑन_वॉर्निंग्ज शेवटपर्यंत जातं, सगळी यादी देतं आणि मग फेल होतं. जुन्या प्रोजेक्टमध्ये पहिल्याच दिवशी शेकडो वॉर्निंग येतील, तेव्हा आधी एकाच फोल्डरवर लावा, ते साफ झालं की इनपुटमध्ये पुढचं घ्या.

पण @ फाइल नसल्याची केस या वॉर्निंगमध्ये मला पकडली गेलेली दिसलेली नाही, फंक्शनवर कॉमेंट आहे म्हणून त्याची तक्रार येत नाही. म्हणून आम्ही बिल्डमध्ये एक छोटी ग्रेपची (फाइलमध्ये मजकूर शोधणाऱ्या कमांडची) स्टेप घातलीय, जी @ फाइल नसलेल्या हेडरची नावं छापते आणि एक जरी सापडली तरी बिल्ड लाल करते.

एवढं करून नाही सुटलं आणि कोणाला विचारायची वेळ आली तर पूर्ण डॉक्सीफाइल चिकटवू नका, तिच्यात हजारो ओळी असतात आणि बहुतेक डिफॉल्ट. डॉक्सिजनला -एक्स ऑप्शन देऊन चालवलं की फक्त डिफॉल्टपेक्षा वेगळ्या सेटिंग मिळतात, त्या द्या, व्हर्जन नंबर द्या, आणि तो प्रॉब्लेम दाखवणारी एकच दहा-पंधरा ओळींची फाइल द्या. ती फाइल छोटी करत करत जाताना कुठली ओळ काढल्यावर फंक्शन परत दिसायला लागलं ते लिहून ठेवा, ती ओळ पण सोबत द्या.